३७ इंची टायर, ३.७३ चे गिअर आणि डेना ३०: पैसे आधी कुठे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही डेन्व्हरमध्ये राहता, २०१४ ची जीप रँगलर अनलिमिटेड स्पोर्ट वापरलेली घेतलीत. ३.६ लिटरचं पेंटास्टार इंजिन, पाच गिअरचं ऑटोमॅटिक, एक्सलमध्ये ३.७३ चा रेशो, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे ३.७३ फेरे. आधीच्या मालकाने साडेतीन इंचांची लिफ्ट (गाडी उचलणारं किट) आणि ३७ इंची टायर चढवले, पण खालचं काहीच बदललं नाही. आता आय-७० महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्याचा चढ लागला की गाडी सारखी गिअर बदलत राहते, पाचवा टिकतच नाही. युटातल्या मोआबच्या खडकांत एकदा डॅशबोर्डवर गिअरबॉक्सचं ऑइल तापल्याचा इशारा आला. ताशी ५५ मैलांच्या वर गेलात की पायाखाली थरथर जाणवते. एक गॅरेज इंजिनात जास्त हवा दाबणारा सुपरचार्जर बसवा म्हणतंय, मित्र म्हणतो आधी पुढे-मागे लॉकर (एक्सलची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग) घे. यंदा एकाच मोठ्या कामापुरते पैसे आहेत आणि रोज कामालाही याच गाडीने जायचंय.

उत्तर आधीच देऊन टाकतो. ३७ इंची टायर विका आणि ३५ इंची घ्या. दोन्ही एक्सलमध्ये ४.८८ चे क्राउन-पिनियन (रेशो ठरवणारी दातेरी चाकांची जोडी) बसवून घ्या, आणि त्याच कामात मागच्या डिफरन्शियलमध्ये (एक्सलमधला, दोन्ही चाकांना जोर वाटणारा भाग) हवा तेव्हा लावता-काढता येणारा लॉकर टाका. सुपरचार्जर नको. पुढचा लॉकर यंदा नको. डिफरन्शियल बांधणं हेच माझं काम आहे आणि तुमच्यासारख्या गाड्या माझ्याकडे सतत येतात, त्यामुळे हे ठामपणे सांगतोय. पण कारणं कळल्याशिवाय एवढा खर्च करू नका.

आधी रेशो. तुमच्या मॉडेलला मुळात २२५/७५ आर १६ टायर येतो, म्हणजे व्यास साधारण २९.३ इंच. त्याजागी ३७ इंची टायर आला की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, आणि इंजिनाच्या दृष्टीने तुमचा ३.७३ चा रेशो २.९५ इतकाच उरतो. जीपने या गाडीला कारखान्यातून दिलेला सगळ्यात उंच, म्हणजे आकड्याने सगळ्यात लहान, रेशो ३.२१ होता, तुम्ही त्याच्याही पलीकडे गेला आहात. आकड्यांत सांगायचं तर ताशी ७० मैलांना पाचव्या गिअरमध्ये मूळ टायरवर इंजिन साधारण २,४८५ आरपीएमवर फिरायचं, आता १,९७० च्या आसपास फिरतं. पेंटास्टारचा कमाल टॉर्क ४,८०० आरपीएमला येतो. हे इंजिन फिरवून घ्यायचं इंजिन आहे, तळाला त्याच्यात फार जोर नाही. त्यातच समुद्रसपाटीपासून दर हजार फुटांना साध्या इंजिनाची ताकद सुमारे तीन टक्क्यांनी घटते. डेन्व्हरला पंधरा टक्के गेली, बोगद्याजवळ ११,००० फुटांवर तिसरा हिस्सा गेला. मग गिअरबॉक्सने पाचवा सोडून चौथा आणि चौथा सोडून तिसरा धरला तर त्यात त्याचा काय दोष?

३५ इंची टायर आणि ४.८८ घेतलात की हिशेब ४.०९ वर येतो आणि ७० मैलांना इंजिन २,७२० च्या आसपास राहतं. कागदावर ४.५६ नेही मूळ रेशो परत मिळतो, आणि समुद्रकाठच्या सपाट गावात राहणाऱ्याला मी तेच सुचवलं असतं. पण मोठा टायर नुसता उंच नसतो, जडही असतो. ३७ चा एकेक टायर रिमशिवायच सत्तर पौंडांच्या घरात जातो, ३५ चाही फार हलका नसतो. शिवाय उचललेली गाडी वाऱ्याला जास्त अंगावर घेते, आणि तुमचा रोजचा रस्ताच मैलभर उंचीवर आहे. कोलोराडोत राहायचं तर ४.८८ घ्याच. पेट्रोल फार वाचेल अशी आशा मात्र धरू नका. पाचवा गिअर टिकेल, चढावर गाडी मोकळी चालेल, एवढं नक्की.

सुपरचार्जर का नको, तेही इथेच येतं. सुपरचार्जरने वाढवलेला टॉर्क इंजिनापासून निघून गिअरबॉक्स, पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारा ट्रान्स्फर केस, तिथून एक्सलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट, क्राउन-पिनियन, चाकांकडे जाणारे एक्सल शाफ्ट अशा सगळ्यांतून जातो, म्हणजे प्रत्येक भागावरचा ताण वाढतो. क्राउन-पिनियनचा गुणाकार मात्र अगदी शेवटी, डिफरन्शियलमध्ये होतो. ३.७३ चं ४.८८ केलं की चाकावर जवळजवळ ३१ टक्के जास्त जोर मिळतो आणि त्यासाठी गिअरबॉक्सला किंवा प्रोपेलर शाफ्टला एक कणही जास्त सोसावं लागत नाही. उलट तेवढ्याच चढावर त्यांचं काम हलकं होतं. मोआबचा तो इशाराही बहुतेक याच कारणाने आला असणार. उंच रेशोमुळे टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा भाग) लॉक होत नाही, सतत घसरत राहतो आणि ऑइल तापवतो. गिअर बदलल्यावरही लांब चढावर तापमान वाढताना दिसलं, तर पंख्यासह वेगळा ऑइल कूलर लावा, तो खर्च फार मोठा नाही. आणि खडकात किंवा वाळूत हळू जायचं असेल तर ४-लो (ट्रान्स्फर केसचा हळू पण जास्त जोराचा टप्पा) लावायला संकोच करू नका. हायमध्ये रेटत राहणं हेच ऑटोमॅटिकला सगळ्यात जास्त तापवतं.

आता टायर छोटे करायला का सांगतोय. तुमच्या गाडीचा मागचा एक्सल डेना कंपनीचा डेना ४४ आहे, तो भक्कम आहे. पुढचा मात्र डेना ३०. त्याचं क्राउन जेमतेम सात इंचांच्या आसपास, तर रुबिकॉनच्या (रँगलरचंच खडकांसाठीचं मॉडेल) पुढच्या डेना ४४ चं साडेआठ इंचांच्या आसपास. आत जाणारा शाफ्ट २७ स्प्लाइनचा (टोकावरच्या खाचांचा), रुबिकॉनचा ३० चा. टायर मोठा झाला की एक्सलवर नेमकं काय होतं ते पाहा. चाक घसरण्याआधी शाफ्टला जितका पीळ सोसावा लागतो तो तीन गोष्टींवर ठरतो: चाकावरचं वजन, जमिनीची पकड आणि टायरची त्रिज्या. वजन आणि पकड तीच ठेवून टायर २९.३ वरून ३७ वर नेला की हा पीळ २६ टक्क्यांनी वाढतो. इंजिनाची ताकद तेवढीच असली तरी हे चुकत नाही, कारण जमिनीने धरलेला दांडा लांब झालेला असतो. मोआबचा खडक तर रबराला असा धरतो की चाक घसरून ताण सोडून देण्याची शक्यताच कमी. चिखलात जे भाग वर्षानुवर्षं टिकतात ते तिथे एका पायरीवर तुटतात. चाक हवेत फिरत वर आलं आणि खडकावर अचानक टेकलं, तर टायरचं वजन त्या धक्क्यात भर घालतं.

३७ ला हवा असणारा ५.१३ चा रेशो डेना ३० मध्ये मिळतो, पण मी तो बसवून देत नाही. रेशो जितका वाढवाल तितकं पिनियन बारीक होतं आणि एका वेळी चिकटणारे दातही कमी होतात. ४.८८ ही या एक्सलची शहाणी मर्यादा आहे. ३७ ठेवायचेच असतील तर पुढचा एक्सल बदला, मगच गिअर. कुणी स्वस्तात रुबिकॉनचा काढलेला डेना ४४ देऊ केला, तर एक गोष्ट लक्षात ठेवा. त्याचं डिफरन्शियल मोठं आहे, पण बाहेरच्या नळ्या आणि टोकाचे सी (चाकाची जोडणी धरणारे सी आकाराचे कंस) जवळपास तुमच्या डेना ३० सारखेच आहेत. ३७ वर त्या नळ्या वाकतात. तोही घेतलात तर वेल्डिंगने मजबुती करावी लागेलच. जाड नळ्यांचा डायनाट्रॅकचा प्रोरॉक ४४ किंवा डेनाचे अल्टिमेट एक्सल हा खरा उपाय, आणि त्याचा खर्च तुमच्या यंदाच्या ऐपतीत बसेल असं मला वाटत नाही. ३५ वर आल्याने डिफरन्शियलखालची उंची फक्त एक इंचाने कमी होते. इमोजीन पाससारखा १३,००० फुटांवरचा रस्ता असो की मोआबचा फिन्स अँड थिंग्ज, त्या एका इंचासाठी मी पुढचा एक्सल पणाला लावणार नाही.

यापुढचं सगळं एकाच गोष्टीवर उभं आहे. पॉवर जाण्याच्या मार्गात एक भाग मजबूत केला की तुटण्याची जागा संपत नाही, ती पुढच्या भागावर सरकते. म्हणून कोणता भाग आधी तुटावा हे तुम्हीच ठरवून ठेवायचं. घरातल्या फ्यूजसारखा तो स्वस्त, हाताशी येणारा आणि वाटेत बदलता येणारा असावा. पुढच्या एक्सलमध्ये तो मान प्रोपेलर शाफ्टच्या किंवा एक्सल शाफ्टच्या क्रॉसला (कोनात फिरणाऱ्या जॉइंटमधला अधिक चिन्हासारखा भाग) मिळाला पाहिजे. क्रॉस तुटला तर सोबत ठेवलेला नवा क्रॉस टाकून संध्याकाळपर्यंत परत येता. क्राउनचे दात गेले तर हाउसिंगभर लोखंडाचे तुकडे होतात आणि गाडी ओढूनच न्यावी लागते. त्यामुळे डेना ३० असेपर्यंत पुढच्या प्रोपेलर शाफ्टला १३१० आकाराचेच क्रॉस ठेवा. १३५० चे क्रॉस जास्त ताकदीचे असतात हे खरं, पण ते ताण थेट पिनियनवर नेऊन टाकतात.

एक्सल शाफ्टचंही तसंच. ४३४० क्रोमोलीचे (जास्त मजबूत पोलादाचे) शाफ्ट उत्तम असतात आणि तुमच्या गाडीला कधीतरी लागतील, पण पुढे लॉकर नसताना यंदा त्यांची गरज नाही. उघड्या डिफरन्शियलमध्ये एक चाक हलकं झालं की दुसऱ्याकडे जाणारा पीळ आपोआप मर्यादित राहतो. लॉकर लावलात की एक्सलचा सगळा पीळ एका शाफ्टवर येऊ शकतो. म्हणून पुढचा लॉकर आणि पुढचे क्रोमोली शाफ्ट एकत्रच घ्यायचे, किंवा दोन्ही नाही. तुमच्या मित्राचा सल्ला इथे फसतो. डेना ३० मध्ये मूळ शाफ्टवर लॉकर टाकणं आणि चाकं पूर्ण वळवून खडक चढणं हा क्रॉस धरणारे शाफ्टचे कान फाटण्याचा सगळ्यात जवळचा रस्ता आहे, कारण कोन जितका जास्त तितकी क्रॉसची ताकद कमी.

मागे लॉकर कोणता? बर्फातून रोज जाणाऱ्या माणसाला मी डेट्रॉइटसारखा आपोआप लागणारा लॉकर देत नाही. तो खडकात अतिशय विश्वासू आहे, पण बर्फाळ वळणावर मागची दोन्ही चाकं एकदम सुटू शकतात. एआरबीचा हवेवर चालणारा किंवा ईटनचा विजेवर चालणारा घ्या. एआरबीला कॉम्प्रेसर लागतो, पण मोआबहून परतताना टायरमध्ये हवा भरायलाही तोच उपयोगी पडतो. ईटनला फक्त तारा लागतात. दोन्ही चांगले, निवड तुमच्या सोयीची. हा लॉकर याच कामात टाका असं मी म्हणतोय, कारण गिअर बदलताना डिफरन्शियल पूर्ण उघडून शिमचं (मधल्या पातळ चकत्यांचं) सगळं सेटिंग नव्याने करावं लागतं. वर्षभराने लॉकरसाठी तेच पुन्हा उघडलंत तर तीच मजुरी दुसऱ्यांदा द्याल, आणि या कामात मजुरी हाच मोठा आकडा असतो.

डेना ३० बद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. रँगलरच्या पुढच्या एक्सलचं पिनियन उंचावर असतं आणि दात उलट कापाचे असतात. पुढे जाताना ताण दातांच्या मजबूत बाजूवर पडतो, मागे येताना कमजोर बाजूवर. पायरीवर अडकल्यावर रिव्हर्स टाकून, चाकं वळवलेली ठेवून जोरात थ्रॉटल दिलात की पुढचं क्राउन जातं. मागे यायचं असेल तेव्हा स्टिअरिंग सरळ करा, पाय हलका ठेवा, गरज पडली तर विंच वापरा.

आता थरथर. ५५ च्या वर येणारी थरथर लोक सरळ टायर बॅलन्सिंगवर ढकलतात. तुमच्या बाबतीत मला पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा संशय आहे. या रँगलरला पुढे चाक शाफ्टपासून सुटं करणारं हब किंवा एक्सल तोडणारी यंत्रणा नाही, टू-व्हीलमध्येही पुढचा शाफ्ट फिरतच राहतो. कंपनीच्या शाफ्टच्या टोकाला क्रॉसऐवजी रबरी बूटमधला गोळ्यांचा जॉइंट असतो, आणि साडेतीन इंच लिफ्टवर त्याचा कोन त्याला झेपत नाही. बूट फाटतो, ग्रीस उडून जातं, मग जॉइंट कोरडा पडतो. गाडीखाली जाऊन ट्रान्स्फर केसजवळ ग्रीसचे शिंतोडे दिसतात का बघा. मग तो शाफ्ट दोन्ही टोकांचे बोल्ट काढून पूर्ण उतरवा आणि हायवेवर टू-व्हीलमध्येच फेरी मारा. थरथर गेली तर दोषी तोच. त्याजागी ट्रान्स्फर केसच्या टोकाला दुहेरी क्रॉस असलेला १३१० शाफ्ट घ्या. २०१२ पासूनच्या गाड्यांत सायलेन्सरचा आडवा पाइप त्या शाफ्टच्या फार जवळून जातो, म्हणून शाफ्ट मागवताना गाडीचं वर्ष आणि लिफ्ट सांगा आणि पाइप खाली सरकवणारे स्पेसर लागतील का तेही विचारून घ्या.

हे करताना अलाइनमेंटवाल्याशी तुमचा वाद होईल, तो आधीच समजून घ्या. लिफ्टमुळे कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) कमी होतो आणि मोठ्या टायरवर स्टिअरिंग सैल वाटतं. तो परत आणायला एक्सल गाडीच्या चौकटीशी जोडणारे खालचे कंट्रोल आर्म लांब करून पूर्ण एक्सल फिरवतात. पण पिनियन आणि सी एकाच हाउसिंगला पक्के असल्यामुळे कॅस्टर वाढला की पिनियन खाली झुकतं आणि शाफ्टचा कोन बिघडतो. दुहेरी क्रॉसच्या शाफ्टला पिनियनचं तोंड जवळजवळ थेट ट्रान्स्फर केसकडे हवं असतं. दोन्ही शंभर टक्के मिळणार नाही. मी अशा गाड्यांत पाच अंशांच्या आसपास कॅस्टर ठेवून थांबतो आणि शाफ्ट थरथरत नाही ना ते रस्त्यावर बघतो. अलाइनमेंट मशीनवर सगळे आकडे हिरवे दिसले पाहिजेत असा आग्रह धरू नका.

ट्रान्स्फर केस बदलायची तुम्हाला गरज नाही. तुमच्या ४-लोचा रेशो २.७२ आहे. पहिल्या गिअरचा ३.५९ आणि नवा ४.८८ धरून गुणाकार सुमारे ४८ होतो, आज तो ३६ आहे. टॉर्क कन्व्हर्टरही जोडीला असल्याने ऑटोमॅटिकमध्ये एवढ्यावर मोआबचे बहुतेक रस्ते निवांत होतात. रुबिकॉनचा ४:१ चा ट्रान्स्फर केस मॅन्युअलवाल्याने घ्यावा, त्याला त्याचा खरा उपयोग आहे.

उरलेले पैसे सी च्या गसेटवर (मजबुतीसाठी वेल्ड करायच्या पट्ट्या) आणि नव्या बॉल जॉइंटवर घाला. एक्सल उतरलेला नसला तरी गसेट वेल्ड करता येतात आणि ३५ वरही ते हवेतच. ब्रेक मात्र पुढे ढकलू नका. मोठं चाक थांबवायलाही तोच लांब दांडा आडवा येतो, आणि बोगद्यानंतरचा उतार मोठा आहे. निदान चांगले पॅड आणि नवे रोटर लगेच, मोठी किट पुढच्या वर्षी.

गॅरेज निवडताना त्यांना एकच विचारा: सेटिंग झाल्यावर दातांवरच्या रंगाच्या खुणेचा फोटो आणि बॅकलॅशचं (दातांमधल्या मोकळ्या फटीचं) माप लिहून द्याल का? बॅकलॅश साधारण इंचाच्या ६ ते १० हजारांश भागात बसतो, त्या गिअरच्या कंपनीने दिलेला आकडा अंतिम. जो माणूस हे आनंदाने दाखवतो त्याच्याकडे काम द्या. गाडी ताब्यात घेण्याआधी संगणकात नवा रेशो आणि टायरचा व्यास भरलाय ना ते तपासा. एईव्हीचं प्रोकॅल किंवा तसंच दुसरं यंत्र वापरून तुम्ही स्वतःही ते करू शकता. ते भरलं नाही तर स्पीडोमीटर चुकतो आणि ऑटोमॅटिक भलत्या वेळी गिअर बदलतं, मग लोक नव्या क्राउन-पिनियनला बोल लावतात. पहिल्या दिवशी पंधरा-वीस मिनिटं हलक्या पायाने चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा. पहिले ५०० मैल ट्रेलर ओढू नका, आणि ५०० मैलांना दोन्ही डिफरन्शियलचं ऑइल बदला. त्यात चांदीसारखी बारीक पूड दिसेल, ती चालते. बोटाला टोचणारा तुकडा सापडला तर गाडी तिथेच थांबवा.

पुण्यातल्या भावाच्या नव्या थारला हेच करता येईल का, असं शेवटी विचारलंत. गणित तेच लागू होतं, गाडी मात्र वेगळी आहे. २०२० नंतरच्या थारला पुढे सलग एक्सल नाही, स्वतंत्र सस्पेन्शन आहे. तिथे लिफ्टची मर्यादा पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या शाफ्टच्या सीव्ही जॉइंटचा कोन ठरवतो, आणि तो थोड्या उंचीतच संपतो. कारखान्याचा २५५/६५ आर १८ टायर मुळात ३१ इंचांचा आहे. भारतात शिवाय कायदा आडवा येतो: मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि त्यावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल, यांनुसार कंपनीच्या मूळ नोंदीपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत. अपघात झाला तर विम्याचा प्रश्न सगळ्यात आधी इथेच अडकतो. त्याला म्हणावं, त्याच मापाचा चांगला ऑल-टेरेन टायर घे, मातीत उतरताना हवा कमी कर, परतताना पुन्हा भर, आणि ४-लो वापरायला शिक.